दुसऱ्या भागात आपण कोण? सीक्वेल गेममध्ये वंश आणि पार्श्वभूमी निवडताना

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' हा गेम २००९ साली आला. त्यात सहा वेगवेगळ्या सुरुवाती होत्या आणि त्यांतल्या दोन ड्वार्फ लोकांच्या होत्या. एक राजघराण्यातली, दुसरी समाजाने जातीबाहेर टाकलेल्या वस्तीतली. ज्यांनी तो गेम ड्वार्फ होऊन संपवला, त्यांनी २०११ साली 'ड्रॅगन एज २' मोठ्या हौसेने सुरू केला आणि पाहिलं तर वंश निवडायची सोयच नाही. नायकाचं आडनाव हॉक आणि हॉक मानवच. २०१४ च्या 'इन्क्विझिशन'मध्ये ड्वार्फ परत आले आणि पहिल्यांदाच शिंगांचे कुनारीही खेळायला मिळाले. एकाच मालिकेत पाच वर्षांत तीन तऱ्हा.

नवख्या खेळाडूची गफलत इथेच होते. वंशाचं नाव तेच दिसतं, चित्रही ओळखीचं असतं, म्हणून त्याचं कामही तेच असेल असं आपण धरून चालतो. नाव टिकतं, काम मात्र प्रत्येक भागात बदलतं. त्यामुळे 'कोणता वंश चांगला' हा प्रश्न पुढे ढकला आणि आधी 'हा भाग वंशाचा उपयोग कशासाठी करतो' ते शोधा. ते कसं शोधायचं, हे खाली क्रमाने लिहिलं आहे.

आधी तीन शब्द पक्के करू. वंश म्हणजे गेममधली रेस, म्हणजे मानव, एल्फ, ड्वार्फ, ऑर्क वगैरे. पार्श्वभूमी म्हणजे गोष्ट सुरू होण्याआधीचं तुमच्या पात्राचं आयुष्य. क्लास म्हणजे लढायची रीत, जसे योद्धा, जादूगार, चोर. हे तिन्ही एकाच स्क्रीनवर विचारले जातात म्हणून एकाच वजनाचे वाटतात, पण तसे ते नसतात.

पायरी १: जुनं पात्र पुढे येतं का, ते पाहा

'बॉल्डर्स गेट' (१९९८) आणि 'बॉल्डर्स गेट २' (२०००) यांत पहिल्या भागातलं तुमचं पात्रच दुसऱ्या भागात आणता येतं, वंश आणि अनुभवासकट. तिथे पहिल्या दिवशी केलेली निवड दोन्ही गेम आणि त्यांच्या विस्तारभागांपर्यंत सोबत राहते, म्हणून ती सावकाश करावी. 'बॉल्डर्स गेट ३' (२०२३) शंभराहून अधिक वर्षांनंतर घडतो. तिथे पात्र नवं असतं आणि आधीचे भाग न खेळता थेट सुरुवात केली तरी काही अडत नाही.

'एल्डर स्क्रोल्स' मालिकेत दर वेळी नवा नायक असतो आणि बहुतेक वेळा तो कैदी म्हणून समोर येतो. 'स्कायरिम' तर 'ऑब्लिव्हियन'नंतर सुमारे दोनशे वर्षांनी घडतो. जुन्या पात्राचा तिथे काही संबंध नाही.

'पिलर्स ऑफ इटर्निटी २: डेडफायर' (२०१८) मधली पद्धत मला सगळ्यांत उदार वाटते. नायक तोच असतो, पण तो मृत्यूच्या दारातून परत येतो आणि त्या क्षणी तुम्हाला त्याचा वंश, क्लास, चेहरा नव्याने ठरवता येतो. जुना सेव्ह असेल तर त्यातले निर्णय आत येतात. नसेल तर तयार इतिहासांपैकी एक उचलता येतो किंवा स्वतःचा इतिहास मांडता येतो. पहिला भाग न खेळलेल्यांनी तयार इतिहास खुशाल घ्यावा.

'ड्रॅगन एज'मध्ये नायक दर भागात बदलतो, मात्र आधीच्या भागांतले निर्णय जगात मुरलेले असतात. 'इन्क्विझिशन'साठी हे निर्णय 'ड्रॅगन एज कीप' नावाच्या वेगळ्या साधनात नोंदवायचे असतात. २०२४ च्या 'द वेलगार्ड'मध्ये पात्र घडवतानाच मागच्या गोष्टीबद्दल फक्त तीन निर्णय विचारले जातात. म्हणजे चौथ्या भागापासून सुरुवात करणाऱ्याने मागचं सगळं पाठ करून यायची गरज नाही.

पायरी २: वंशाचा नियमांवर किती परिणाम होतो, ते तपासा

ही पायरी सोडू नका. नवखे खेळाडू सर्वांत जास्त चुकतात ते इथेच, कारण जुन्या भागासाठी लिहिलेला सल्ला ते नव्या भागात वापरतात.

पहिल्या दोन 'बॉल्डर्स गेट'मध्ये कागदावरच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम होते आणि ते कडक होते. पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, व्हायचं तर मानवच असावं लागे. एकाच वेळी दोन क्लास चालवायचे तर मानव चालत नसे. मानवाला एक क्लास सोडून दुसरा धरण्याची वेगळी वाट होती. म्हणजे वंश हे कुलूप होतं आणि कोणतं दार उघडेल हे त्यावर ठरत होतं. तिसऱ्या भागात ही कुलपं काढून टाकली आहेत. अकरा वंश, बारा क्लास, कोणतीही जोडी जमते. एवढंच नाही, सुरुवातीला एका क्षमतेत दोन आणि दुसऱ्या क्षमतेत एक अशी जी वाढ मिळते, ती वंशाला बांधलेली नाही, हवी तिथे टाकता येते. त्यामुळे 'जादूगार करायचा तर एल्फच घ्या' हा जुना सल्ला इथे लागू होत नाही.

मग तिसऱ्या भागात वंशाने काय मिळतं? लहान पण रोज उपयोगी पडणाऱ्या गोष्टी. मानव, हाफलिंग आणि ड्रॅगनबॉर्न यांना अंधारात दिसण्याची जन्मजात देणगी नाही. एल्फ, ड्वार्फ, टीफलिंग यांना ती आहे, आणि गुहांमध्ये लढताना हा फरक जाणवतो. ड्वार्फ, नोम आणि हाफलिंग एका फेरीत साडेसात मीटर चालतात, बाकीचे बहुतेक नऊ, आणि वूड एल्फ साडेदहा. तलवार घेऊन शत्रूपर्यंत पोहोचायचं असेल तेव्हा हा दीड मीटर फार मोठा वाटतो. हाफलिंगला मात्र एक वरदान आहे. वीस बाजूंच्या फाशावर एक पडला की तो पुन्हा टाकायला मिळतो. नवख्यासाठी ही देणगी मला सर्वांत प्रेमळ वाटते, कारण ऐन संवादात फासा एकवर थांबण्याची हळहळ ती वाचवते. हाफ-ऑर्कची देणगी तितकीच सरळ आहे. जीव शून्यावर जाणार असताना तो एकदा तग धरतो.

'एल्डर स्क्रोल्स'ची वाटचाल याहून बोलकी आहे. 'मोरोविंड'मध्ये (२००२) दहा वंश होते. प्रत्येकाच्या ताकद, बुद्धी, वेग अशा मूळ गुणांचे आकडे वेगळे होते आणि त्याच वंशातल्या स्त्री-पुरुषांचेही आकडे वेगळे होते. मांजरासारखे खजीत आणि सरड्यासारखे आर्गोनियन यांचे पाय-तोंड माणसासारखे नाहीत म्हणून त्यांना बूट आणि पूर्ण शिरस्त्राण घालता येत नसे. चिलखताचे एक-दोन भाग कायमचे गेले, हे निवडतानाच कळायला हवं असे. 'ऑब्लिव्हियन'मध्ये (२००६) ते बंधन गेलं. 'स्कायरिम'मध्ये (२०११) मूळ गुणच काढून टाकले. आता वंशाने एका कौशल्यात दहा आणि पाच कौशल्यांत पाच-पाच गुणांची आघाडी मिळते, शिवाय काही अंगभूत देणग्या. ब्रेटन वंशाला जादूपासून पंचवीस टक्के संरक्षण, नॉर्डला थंडीपासून पन्नास टक्के, डार्क एल्फला आगीपासून पन्नास टक्के. हाय एल्फच्या जादूच्या साठ्यात पन्नासची भर पडते. ऑर्कला दिवसातून एकदा साठ सेकंद असा आवेश चढतो की वार दुप्पट बसतो आणि लागणारा मार निम्मा होतो.

कौशल्यांतली ती दहा-पाच गुणांची आघाडी थोड्या तासांत पुसली जाते, कारण 'स्कायरिम'मध्ये जे वापराल तेच वाढतं. देणग्या मात्र शेवटपर्यंत राहतात. म्हणून तिथे यादीतले कौशल्यांचे आकडे वाचत बसू नका, खालची देणग्यांची ओळ वाचा.

'इन्क्विझिशन'मध्ये आकड्यांचा फरक बराच सौम्य आहे. मानवाला सुरुवातीला एक जादा कौशल्यगुण मिळतो. एल्फला दुरून येणाऱ्या माऱ्यापासून, ड्वार्फला जादूपासून आणि कुनारीला जवळून होणाऱ्या वारांपासून थोडं संरक्षण. एक कुलूप मात्र संपूर्ण मालिकेत कायम आहे. ड्वार्फ जादूगार होऊ शकत नाही. त्या जगात ड्वार्फ स्वप्नच पाहत नाहीत आणि जादूचा उगम त्या स्वप्नलोकातच आहे. नियम कथेतूनच आल्यामुळे मला तो जाचक वाटला नाही.

पायरी ३: लोक तुमच्याशी कसे बोलतील, ते ओळखा

आकडे काही तासांत विसरले जातात. एखाद्याने दारात अडवून हाक मारली ती लक्षात राहते.

यात २०१७ चा 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २' फार पुढे गेला. पहिल्या भागात (२०१४) तुम्ही दोन मानव नायक चालवायचे. दुसऱ्या भागात मानव, एल्फ, ड्वार्फ, सरडामानव असे चार वंश आले आणि त्या प्रत्येकाचा मेलेला सांगाडाही. एल्फ मृतदेहाचा तुकडा खाऊन त्या माणसाच्या आठवणी मिळवतो. सरडामानवाला जमीन खणायला फावडं लागत नाही. सांगाड्याचे नियम तर उलटेच. औषधाने त्याला इजा होते, विषाने तो बरा होतो, हाडाच्या बोटाने कुलपं उघडतो आणि चेहरा झाकला नाही तर लोक घाबरून अंगावर येतात. इथे वंश बदलला की गावात शिरण्याची रीतच बदलते. पहिल्या खेळीत सांगाडा घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. बरं होण्याचे मूळ नियम अंगवळणी पडण्याआधी त्यांची उलटी आवृत्ती शिकणं फार दमवतं.

'बॉल्डर्स गेट ३'मध्ये ड्राउ, म्हणजे जमिनीखाली राहणारा एल्फ, होऊन गॉब्लिनांच्या तळाकडे गेलात तर ते तुम्हाला आपल्या मालकांपैकी समजतात आणि अदबीने वाट देतात. तीच वाट इतरांना बोलून, फसवून किंवा लढून मिळवावी लागते. गिथयांकी झालात तर लेझेल या सोबतिणीशी आणि तिच्या लोकांशी बोलताना तुमच्यासमोर खास उत्तरं येतात.

'स्कायरिम' इथे हात आखडता घेतो. सुरुवातीला कैद्यांची यादी वाचणारा शिपाई तुमच्या वंशाप्रमाणे एक वाक्य बदलून बोलतो. त्यानंतर बहुतेक गोष्ट सगळ्यांसाठी सारखीच असते. अपवाद मोजके आहेत. ऑर्कांच्या तटबंद वस्त्यांमध्ये ऑर्कला सरळ प्रवेश मिळतो, बाकीच्यांना आधी स्वतःला सिद्ध करावं लागतं. विंडहेल्ममध्ये आर्गोनियन लोकांना शहराबाहेर धक्क्यावर राहावं लागतं, पण तुम्ही स्वतः आर्गोनियन असलात तरी शहरात बिनदिक्कत फिरता. जग पक्षपाती आहे आणि तुम्हाला मात्र त्याची झळ लागत नाही, ही त्या गेममधली माझी खरी खंत आहे.

'इन्क्विझिशन'मध्ये झळ लागते. ऑर्ले देशाच्या राजवाड्यातल्या मेजवानीत दरबाराची मर्जी आकड्यात मोजली जाते आणि ती कुठून सुरू होणार हे तुमच्या वंशावर व क्लासवर ठरतं. मानव सरदार वरून सुरुवात करतो, एल्फ आणि कुनारी खालून. तो प्रसंग कुनारी होऊन खेळताना प्रत्येक उत्तर तोलून द्यावं लागतं, आणि म्हणूनच तो जास्त रंगतो.

प्रेमकथेचा विचार असेल तर आधीच चौकशी करा. 'इन्क्विझिशन'मध्ये सोलस फक्त एल्फ स्त्रीच्या प्रेमात पडतो, कलन फक्त मानव किंवा एल्फ स्त्रीच्या. तीस तास खेळून झाल्यावर हे कळलं तर मन मोडतं. 'वेलगार्ड'मध्ये सातही सोबत्यांच्या बाबतीत वंशाचं असं बंधन नाही.

पायरी ४: पार्श्वभूमीला वंशाइतकाच वेळ द्या

नवखे खेळाडू वंशावर अर्धा तास घालवतात आणि पार्श्वभूमीत पहिलं नाव दाबून पुढे जातात. नव्या गेममध्ये हा हिशोब उलटा करावा लागतो.

'ओरिजिन्स'मध्ये पार्श्वभूमी म्हणजे खेळता येणारा संपूर्ण पहिला अध्याय होता. शहरी एल्फ झालात तर तुम्ही कुंपणाआडच्या वस्तीत लग्नाच्या दिवशी जागे होता, आणि पुढे कितीतरी तासांनी त्याच वस्तीत परत जाता तेव्हा तिथली माणसं तुमची असतात. ड्वार्फ राजपुत्र झालात तर ऑर्झमारच्या गादीचा वाद तुमच्या घरातला वाद होतो. दुसऱ्या कोणत्याही सुरुवातीने आलेल्याला तोच वाद परक्या गावचं राजकारण वाटतो. हा गेम आज हाती घेणार असाल तर या दोनांपैकी एक सुरुवात घ्या.

'ड्रॅगन एज २'मध्ये वंशाची निवड गेली, पण घर आलं. तिथे क्लासच पार्श्वभूमीचं काम करतो. हॉक जादूगार असेल तर सुरुवातीच्या पळापळीतून भाऊ कार्व्हर वाचतो. योद्धा किंवा चोर असेल तर बहीण बेथनी वाचते. म्हणजे लढायची रीत निवडताना तुम्ही नकळत भावंडही निवडत असता.

'वेलगार्ड'मध्ये नायक रूकसाठी सहा गट आहेत: ग्रे वॉर्डन्स, शॅडो ड्रॅगन्स, मोर्न वॉच, अँटिव्हन क्रोज, लॉर्ड्स ऑफ फॉर्च्यून आणि वेल जंपर्स. गटाप्रमाणे लढाईत छोटे फायदे मिळतात, पण खरी गंमत संवादांत आहे. प्रत्येक गटातला एक सोबती पुढे भेटतो आणि तुम्ही त्याच गटातले असाल तर तो जुन्या ओळखीने बोलतो. स्मशानं आणि मृतात्मे यांची भीती न वाटता ओढ वाटत असेल तर मोर्न वॉच घ्या. त्या गटाची संवादवाक्यं मला मनापासून आवडतात.

'बॉल्डर्स गेट ३'मध्ये पार्श्वभूमी दोन कौशल्यं देते, आणि त्या पार्श्वभूमीला शोभेल असं वागलात की प्रेरणेचा गुण मिळतो. तो खर्च करून फसलेला फासा पुन्हा टाकता येतो. एका वेळी असे चारच गुण साठतात. सोबत्यांच्या पार्श्वभूमीतूनही ते मिळतात. शॅडोहार्ट मठातली, गेल विद्वान, लेझेल सैनिक, अॅस्टेरियन ठकसेन, वायल लोकनायक, कार्लाक रानावनातली. म्हणून स्वतःसाठी यांच्यात नसलेली पार्श्वभूमी घ्या: गुन्हेगार, कलावंत, कारागीर, सरदार किंवा रस्त्यावर वाढलेलं पोर. त्यामुळे गुण मिळवायच्या संधी वाढतात. त्यातही अट एकच, तसं वागायला आवडलं पाहिजे. चोरी करायचं मन होत नसेल तर गुन्हेगाराची पार्श्वभूमी पडून राहील.

'स्कायरिम'मध्ये पार्श्वभूमी विचारतच नाहीत. तिथे ती स्वतः वहीत दोन ओळींत लिहून काढा: हा कोण, सीमा का ओलांडत होता, कोणाला भेटायला निघाला होता. या दोन ओळींमुळे पुढे कोणत्या संघटनेत जायचं आणि कोणत्या टाळायच्या हे आपोआप ठरतं.

पायरी ५: आयत्या पात्राबद्दल

'ओरिजिनल सिन २' आणि 'बॉल्डर्स गेट ३' या दोन्हींत लेखकांनी घडवलेलं पात्र स्वतः चालवता येतं. माझं मत दोन्हींसाठी वेगळं आहे. पहिल्यात लोहसे, इफान, सेबिल किंवा रेड प्रिन्स यांपैकी एक घ्या. त्यांचा भूतकाळ मुख्य गोष्टीत असा गुंफला आहे की स्वतःचं पात्र त्यापुढे कोरं वाटतं. दुसऱ्यात स्वतःचं पात्र करा, कारण सोबती समोर बसून बोलतात तेव्हाच त्यांचा आवाज आणि हावभाव पुरते भेटतात. 'डार्क अर्ज' ही तिथली सुरुवात जबरदस्त आहे, पण ती रक्तरंजित आहे. दुसऱ्या खेळीसाठी राखून ठेवा.

पायरी ६: नंतर काय बदलतं, ते लक्षात ठेवा

'बॉल्डर्स गेट ३'मध्ये विदर्स हा तळावरचा सांगाडा गेममधल्या शंभर मोहरा घेऊन क्लास आणि क्षमता बदलून देतो. वंश आणि पार्श्वभूमी बदलत नाही. 'ओरिजिनल सिन २'मध्ये जहाजावरच्या आरशात गुण पुन्हा वाटता येतात, वंश नाही. 'स्कायरिम'मध्ये आधीच्या भागांतल्या जन्मराशीच्या जागी तेरा शिळा आल्या आहेत आणि त्यांचा आशीर्वाद केव्हाही बदलता येतो. चेहरा बदलणारी कारागीरही विस्तारभागात भेटते, पण वंशाला ती हात लावत नाही. म्हणजे जवळपास सगळीकडे क्लास सैल आणि वंश पक्का. विचार करायचा वेळ त्याच प्रमाणात वाटा.

'ऑब्लिव्हियन'ची एक सोय सुंदर आहे. सुरुवातीच्या भुयारातून बाहेर पडताना गेम थांबून विचारतो, वंश, क्लास, राशी, काही बदलायचं आहे का? हीच सोय इतर गेममध्ये स्वतः करून घ्या. पात्र तयार झाल्या क्षणी एक सेव्ह करा, त्याला वेगळं नाव द्या आणि तो कधी पुसू नका. मग दोन-तीन तास खेळून बघा. पात्राच्या तोंडचे संवाद निवडताना सारखं अडखळायला होत असेल, तर बिनधास्त मागे या.

पायरी ७: चेहरा शेवटी

चेहऱ्याआधी शिरस्त्राणाचा प्रश्न सोडवा. पहिल्या 'पिलर्स ऑफ इटर्निटी'मध्ये गॉडलाइक वंशाच्या डोक्याची घडणच अशी आहे की त्यांना शिरस्त्राण घालता येत नाही. 'इन्क्विझिशन'मधले कुनारी शिंगांमुळे त्याऐवजी चेहऱ्यावर रंगाचे पट्टे ओढतात, आणि तेच त्यांचं चिलखत ठरतं. असा वंश घेतलात तर चेहरा संपूर्ण गेमभर उघडा दिसणार आहे, त्यावर वेळ घालवणं सार्थकी लागतं. ज्या योद्ध्याचं तोंड पहिल्या तासापासून लोखंडाआड जाणार आहे, त्याच्या नाकाच्या उंचीवर अर्धी संध्याकाळ घालवू नका. रंग आणि छटा ठरवताना पात्राला गोल फिरवून बाजूने बघा, कारण संवादात कॅमेरा बहुतेक वेळा तिथूनच पाहतो.